भूपेशला न दिसणारी भीती

खरवईच्या ठमाबाईंचा भूपेश लहानपणी विहिरीच्या काठावरून उलटा लोंबकळायचा. बाया ओरडत धावायच्या आणि तो त्यांच्याकडे नवलाने बघत राहायचा. पोराला वाघाचं काळीज आहे, असं गाव म्हणायचं. ठमाबाईंनाही ते ऐकून बरं वाटायचं.

पुढे भातशेतीच्या जागी इमारती आल्या, तसा भूपेश बिल्डरांना वाळू-विटा पुरवू लागला. बोलायला गोड, वागायला रुबाबदार. एकदा त्याच्या डंपरखाली एका मजुराचा पाय गेला. घरी आल्यावर त्याने ते सांगितलं आणि त्याच दमात मटण शिजलं का म्हणून विचारलं. तेव्हापासून ठमाबाईंच्या मनात काहीतरी खुपत होतं.

गेल्या माघात तो आपल्या मुलीला, राजसीला, नवी इमारत दाखवायला वर घेऊन गेला. ठमाबाई धापा टाकत मागून चढल्या. स्लॅबला कठडा नव्हता. पोरीची भीती मोडायची म्हणून भूपेशने तिला अगदी कडेला उभं केलं होतं आणि हात सोडून दिला होता. राजसीचे डोळे फाटलेले, ओठ ताणून दात दिसत होते. फ्रॉक ओला झाला होता.

"बघ आये, कशी हसते," भूपेश म्हणाला.

ठमाबाईंनी रांगत जाऊन नातीला ओढून घेतलं. त्याला खरंच ते हसू वाटलं होतं, आणि त्यानेच त्या जास्त हादरल्या.

सून जिज्ञासा त्याला उल्हासनगरच्या एका मानसोपचारतज्ज्ञांकडे घेऊन गेली. तो हसतखेळत गेला. डॉक्टरांनी बऱ्याच भेटी घेतल्या, वेगवेगळ्या चेहऱ्यांचे फोटो दाखवले. राग, आनंद त्याने झटकन ओळखला. घाबरलेल्या बाईच्या फोटोपाशी मात्र अडला. हिला काय झालंय ते कळत नाही, म्हणाला.

शेवटी डॉक्टरांनी ठमाबाईंनाही बोलावलं आणि सासू-सुनेला बसवून सांगितलं. ह्याला सायकोपथी म्हणतात. धोका दिसला की आपल्या मेंदूत आपोआप घंटा वाजते, ती ह्याच्यात नीट वाजत नाही. भीती अजिबातच नसते असं नाही, मुद्दाम लक्ष वेधलं तर थोडी जाणवूही शकते. पण दुसऱ्याची भीती त्याला सहसा पोचत नाही. असे सगळेच लोक हात उगारतात असंही नाही. मात्र गोळीने हे बरं होत नाही, आणि पोरीला त्याच्याजवळ एकटं सोडू नका.

"मंग त्याची आमच्यावर माया हाय का नाय?" ठमाबाईंनी विचारलं.

डॉक्टर म्हणाले, "ते मला मोजता येत नाही, मावशी."

घरी येताच ठमाबाईंनी सुनेची बॅग स्वतः भरली. "पोरीला घेऊन माहेरी अंबरनाथला जा. त्याला मी बघते," असं बजावलं. जिज्ञासा त्यांच्या गळ्यात पडून रडली.

भूपेश चिडला नाही. जेवताना त्याने आईच्या तोंडाकडे बराच वेळ निरखून पाहिलं.

"आये, तू पण मला भितेस का?"

"व्हय," ठमाबाई म्हणाल्या.

त्याने मान डोलावली आणि आणखी भात मागितला. ठमाबाईंनी वाढला.

आता तो रविवारी ठमाबाईंसोबत अंबरनाथला जातो. राजसी जिज्ञासाच्या वडिलांच्या मांडीवरून उतरत नाही. ठमाबाई बापलेकीच्या मध्ये बसतात.