अर्धा कोयता

दगडाबाईंचा दिवस पहाटे तीनला चुलीपुढं सुरू व्हायचा. नवरा सटवाजी चारला उठायचा. ऊसतोडीत जोडप्याला मिळून एक कोयता मोजतात. एकटा गडी म्हणजे अर्धा. तीस वर्षं मी त्यांच्याच टोळीत ऊस तोडला. सटवाजी तोडायचा, दगडाबाई मोळ्या बांधायच्या. त्यांची मोळी कधी सुटली नाही.

यंदा राणीसावरगावात आमच्या आळीतल्या देवळाच्या भिंतीवर महाराज रंगाऱ्याकडून लिहून घेत होते : ‘देव जगाचा बाप आहे.’ दगडाबाईंनी शिडी धरली.

“महाराज, द्येव एकटाच हाय का?”

“एकटाच.”

“म्हंजी अर्धा कोयता. एवढं जग अर्ध्या कोयत्यानं उरकलं व्हय? मोळ्या कुणी बांधल्या?”

देवळापुढं जमलेल्या बायका पदरात तोंड घालून हसल्या. महाराज चिडले. “अहो, देव ना बाई, ना पुरुष!”

“मंग निस्ता बाप कशाला लिवायलाव? आई बी लिवा.”

“रंग संपला.”

“रंग मी आणते. शिडी हलवू नगा.”

दगडाबाईंच्या यंदाच्या मजुरीतून लाल रंगाचा डबा आला, आणि भिंतीवर ‘बाप’च्या शेजारी वीतभर उंच ‘आई’ उभी राहिली.