फुंकणी टाका, फुंकर ठेवा

डॉक्टरांनी मला आराम सांगितला आणि मी दोन वर्षं चुलीपुढं बसून आराम केला. हसा खुशाल, मीही हसते. फक्त आपल्या घरची बाई या घडीला कुठं बसली आहे, ते एकदा पाहून घ्या आणि मग हसा.

तेव्हा मी पंचेचाळिशीची होते. आर्वी तालुक्यातलं गाव, घरची कापसाची शेती. पहाटेचा खोकला फार जुना. वेळेवर उठवतो म्हणून मी त्याला कोंबडा म्हणायचे, एवढी हुशार. मग विहिरीवरून पाण्याचा गुंड, म्हणजे हंडा, आणताना दम लागू लागला. नवऱ्यानं आर्वीला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी छातीचा एक्स-रे पाहिला आणि नवऱ्याला विचारलं, "बाई बिडी ओढतात का?"

मला नाही, त्यांना! आणि बिडी ओढायचे तेच. त्यांची छाती लोहाराच्या भात्यासारखी दमदार चालत होती, आणि मी जन्मात बिडीला हात लावला नव्हता. आजार निघाला 'क्रॉनिक ब्रॉन्कायटिस'. म्हणजे श्वासाच्या नळ्यांना आलेली जुनी सूज. हवा आत जाते, पण पुरती बाहेर निघत नाही. "दगदग नको, बसून राहू द्या," एवढं सांगून डॉक्टरांनी पुढच्याला हाक मारली.

आमच्या घरी बसून करायचं काम एकच. पाणी आणि वेचणी सुनेकडं गेली, आणि मी राणीसारखी चुलीपुढं बसले. खोलीला खिडकी नाही. जळणाला पऱ्हाटी, म्हणजे कापसाची उपटलेली झाडं. ती ओली असली की धुराचा लोट. दम वाढला की मी आणखी बसायचे. पाय वाळून काड्या झाले. अंगणातल्या तुळशीपर्यंत जाताना भिंत धरावी लागे.

शेत अर्ध्या कोसावर, आणि दोन हंगाम मी ते पाहिलं नव्हतं. लग्न होऊन आले तेव्हापासून पहिली वेचणी माझ्या हातची असायची. दमापेक्षा तेच जास्त लागलं.

शेवटी वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात गेलो. दोन दिवस बाकावर. बेडका तपासला, रक्त तपासलं. मग एका नळीत जोरात फुंकायला लावलं. ती 'स्पायरोमेट्री', छातीतली हवा किती वेगानं बाहेर पडते त्याचं माप. माझ्या बाकावर सहा बायका होत्या, साऱ्या धापा टाकणाऱ्या. मी एकेकीला विचारलं. एकीनंही बिडी ओढली नव्हती. हे मला बाकावर बसून कळलं, मग शिकल्यासवरलेल्यांना खुर्चीवर बसून का कळू नये?

आत एक तरुण डॉक्टरीणबाई होती. तिनं मला विचारलं, मलाच! "मावशी, स्वयंपाक कशावर करता?" मी सारं सांगितलं. तिनं पेन खाली ठेवलं.

तिनं 'पर्स्ड लिप ब्रीदिंग' शिकवलं. दोन आकडे मोजत नाकानं श्वास घ्यायचा आणि ओठांचा चंबू करून चार आकडे हळूहळू सोडायचा. त्यानं नळ्या मिटत नाहीत, अडकलेली हवा निघते.

"अवो बाई, हे त मी रोज करून राह्यली, फुंकणीत!" मी म्हणाले.

ती खो-खो हसली. "मग फुंकणी टाका, फुंकर ठेवा. आणि चाला. दम लागला की थांबा, गुडघ्यांवर हात टेकून वाका, फुंकर मारा, पुन्हा चाला. बसून राहिलात तर पाय जातील, आणि पाय गेले की दम आणखी लवकर लागेल."

चार वाक्यं! दोन वर्षांआधी कुणी सांगितली असती तर त्याच्या जिभेला फोड आले असते का?

ज्यांना चालताना दम लागतो त्यांनी आपल्या डॉक्टरांना हे विचारावंच. मी गोळ्या घेतल्या आणि पावलं मोजली: दोन पावलं श्वास, चार पावलं फुंकर. वजन उचलताना श्वास धरायचा नाही, सोडायचा. पहिल्या आठवड्यात विजेच्या एका खांबापर्यंत, मग दोन. बाया ओट्यावरून ओरडायच्या, "माय वं, बुढी रस्त्यानं चूल फुंकत चालली!"

दिवाळीनंतर एका सकाळी मी शेतात पोचले. ओंजळभर कापूस वेचला आणि बांधावर बसून रडले. रडण्यानंही दम लागतो, म्हणून रडणं आवरून फुंकर मारली.

फुशारक्या मारत घरी आले तर चुलीपुढं कुसुम, माझी सून. तेवीस वर्षांची. डोळे लाल, खोकून वाकडी झालेली. खोकला अगदी माझाच. मी खांब मोजत होते आणि माझी जागा तिला देऊन मोकळी झाले होते.

नवरा ओसरीवरूनच म्हणाला, "त्यात का एवढं? बाई चुलीपाशी नाई बसन त कुठं बसन?"

"मंग तुमी बसा!" मी म्हणाले. "आज भाकरी तुमी टाका. मी बिडी नाई पेली, चूल पेली, हे आर्वीच्या डॉक्टरले जाऊन सांगा. आता हे पोरगी पिऊन राह्यली. वरचे कवेलू काढा, धुराडं बसवा, नाई त चूल अंगणात न्या. तोवर या घरात भाकर नाई भाजनार, कुसुमही नाई अन् मीही नाई!"

अजून बरंच बोलले, ते लिहिण्यासारखं नाही. दुसऱ्या दिवशी नवरा छपरावर चढला. कौलं उतरवली, आणि चुलीवर पहिल्यांदा आभाळ दिसलं.

कुसुम माझ्याजवळ पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि हळूच म्हणाली, "आत्याबाई, काल तुमी एवढ्या बोलल्या, पन मंधात एकडाव बी दम नाई लागला तुमाले."