आईचं चाडं

मित्रमैत्रिणींनो, परसबागेत जुन्या लाकडाची शेड बांधतेय, हे मी इथे उत्साहानं सांगितलं होतं.

आज शेलूबाजारहून आणलेल्या खिळ्यांनी दार बसवलं. मग दाराशेजारी बियांसाठी चाडं ठोकायला घेतलं. चाडं म्हणजे तिफणीवरचा, पेरताना बी सोडायचा लाकडी वाडगा. ट्रॅक्टर आल्यापासून तिफण गोठ्यात पडून होती.

बाबांनी माझा हात धरला. "हे नको ठोकू, माय."

"काहून बाबा? पडूनच तर होतं."

"तुही आई पेरे याच्यातून. मी पुढं बैलापाशी, ती मांगं. तिच्या बांगड्या वाजायच्या थांबल्या का मी बैल थांबवो. वळून पाहाचं कामच नाही पडे."

आई गेल्या पावसाळ्यात गेली. तेव्हापासून बाबा तिच्याबद्दल आज पहिल्यांदा बोलले.

"बांगड्या तिच्यासंग गेल्या," ते म्हणाले. "हे राहू दे."

चाडं घेऊन ते घरात गेले.

घरातली पहिली पदवीधर म्हणून मी सगळ्यांना टाकाऊतून टिकाऊ शिकवत फिरते. चाडं टाकाऊ लाकडांच्या ढिगात मीच टाकलं होतं.

तुम्ही जुनं लाकूड वापरायला घ्यायच्या आधी घरात कोणाला विचारता का?