आईचा राम राम

"कॅमेरा चालू कर. नाहीतर गैरहजर लावतो," सर म्हणाले.

मी पिंपळनेरजवळच्या आमच्या शेतात, विहिरीच्या काठावर उभी होते. रेंज तिथंच येते. कॉलेज धुळ्याला. पोरं मधेच शिक्षण सोडतात म्हणून कॉलेजनं अ‍ॅप आणलेलं. शनिवारचा तास मोबाइलवर. हजर असलं तर नावापुढे हिरवा गोल, गैरहजर तर लाल. लाल झालं की घरी फोन. आणि नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, बजावून ठेवलेलं. कॉलेजातून तक्रार आली की शिक्षण बंद, लग्न. त्या लाल गोलाची मला सापापेक्षा जास्त भीती वाटायची.

मी कॅमेरा चालू केला. मागे आई कांद्याची लागण करत होती. मोबाइलमध्ये सर दिसले तशी ती चिखलाच्या हातानंच डोक्यावर पदर घेऊन उभी राहिली. मोठा माणूस समोर आला की आमच्याकडे बाया बसून राहत नाहीत.

"राम राम, सर. मनी पोरले चांगलं शिकाडा." माझ्या पोरीला चांगलं शिकवा, असं ती आमच्या अहिराणीत म्हणाली.

"वा! आज पाहुणे आलेत," सर हसले. "मावशी, तुमचंही अ‍ॅडमिशन करून टाकू का?"

सगळा वर्ग हसला. आईला वाटलं, सर खरंच विचारतायत. ती लाजली. "नही सर, माले वाचता येत नही."

मग तर हसणं थांबेचना. आईसुद्धा त्यांच्यासोबत हसली. मी मोबाइल दुसरीकडे वळवला.

पुढच्या शनिवारी सरांनी परत छेडलं. "काय गं, आज मावशी नाहीत?"

या वेळी मी बोलले. "सर, माझी आई तुमच्यासाठी उभी राहिली. तुम्ही तिला साधा राम राम घातला नाही. तिची टिंगल केली."

"जास्त शहाणपणा नको. लावतोच तुला लाल."

आणि सरांनी मला तासातून काढून टाकलं.

कॉलेजचा फोन यायच्या आत मीच नानांना सगळं सांगितलं. आई भाकरी थापत होती. लोक आपल्याला हसले, हे तिला तेव्हा कळलं. तिचे हात थांबले. नाना उठून बाहेर गेले. त्यांच्या मनात काय आहे, मला अजून माहीत नाही.

आज सोमवार. एसटीनं धुळ्याला आलेय. सरांच्या वर्गात पहिल्या बाकावर बसलेय. भीती गेलेली नाही. पण मला परत तासातून काढायचं असेल तर सरांनी इथं, माझ्या तोंडावर काढावं. मी हलणार नाही.