शेवंतामावशीचा आवाज

हे मी भावालाही कधी सांगितलं नाही, आणि दुकान तर आम्हा दोघांचं होतं. तुम्हाला सांगते.

पण आधी जरा मिरवू द्या. राळेगावात एसटी स्टँडसमोर आमचं दुकान. भाऊ लग्नांची शूटिंग करायचा, कॉम्प्युटरवर मी बसायची. कापसानं साऱ्यांचं कंबरडं मोडलं होतं त्या वर्षांत—नवा फोन कोण घेणार? जुन्याच फोनच्या चिमुकल्या कार्डात अख्खं लग्न मावलं पाहिजे, हळदीपासून पाठवणीपर्यंत. आणि मी ते मावून द्यायची! फाईल एवढीशी, तरी नवरीच्या हातावरची मेंदी ओळखू यायची. यवतमाळचे फोटोवालेही विचारायला यायचे, ताई, हे जमवता कसं? मला कोणी शिकवलं नव्हतं. चुकत चुकत शिकले. त्याचा अभिमान तेव्हा होता, आजही आहे. का नसावा?

तर—शेवंतामावशी.

आमच्याच गावची, भीमगीतं गाणारी. माईक बंद पडला तरी गावाच्या टोकापर्यंत पोचायचा असा आवाज. त्या वर्षी जयंतीला ती मन लावून गायली आणि भावानं सगळं शूट केलं. दुसऱ्याच दिवशी दुकानात गर्दी—आमच्या फोनात टाकून द्या. मी हट्टाला पेटले. एवढा मोठा कार्यक्रम, पण सगळ्यात जुन्या फोनातही चालला पाहिजे. चित्र बिघडू द्यायचं नव्हतं, म्हणून आवाजाच्या दर्जाला कात्री लावली. फार लावली. आणि एकदाही न ऐकता—होय, ऐकलंच नाही मी—मूळ फाईल पुसून टाकली. डिस्कमध्ये जागा हवी होती. कॅमेऱ्यातलं तर भावानं आधीच पुसलं होतं.

व्हिडिओ गावभर फिरला. फोनच्या बारक्या स्पीकरवर आवाज कोणाला खटकला नाही; चित्र पाहून जो तो माझंच कौतुक करत होता.

मग मावशी दुकानात आली. स्वतःचं गाणं ऐकायची तिची पहिलीच वेळ. मी लावलं. पिंपात तोंड घालून कोणी गावं तसा आवाज आला—फुटका, किरटा. ती पूर्ण गाणं ऐकेपर्यंत हलली नाही.

"पोरी, हा माहा आवाज हाय?"

तेव्हाच सांगता आलं असतं ना? एक वाक्य होतं. पण गिऱ्हाईकं उभी होती, माझ्याकडेच पाहत होती. मी म्हणाले, "मावशी, मशीन काही खोटं बोलते का? वय झालं ना आता तुमचं."

"असन बाप्पा," ती म्हणाली. "मलेच नाई समजलं."

पुढच्या जयंतीला ती स्टेजवर चढली नाही. लोक घरी बोलवायला गेले, तर म्हणाली, आवाज गेला माहा. पुन्हा कधीच गायली नाही—लोकांसमोर.

एकदा शेताच्या धुऱ्यानं, बांधावरून, जाताना मला गाणं ऐकू आलं. मावशी एकटीच कापूस वेचत होती. तोच आवाज, भरलेला, मोकळा. मी थबकले. तिनं मला पाहिलं आणि गप्प झाली.

"कायचं गाणं वं," ओशाळं हसून म्हणाली, "उगाच आपलं." आणि पाठ फिरवून वेचू लागली.

मी तेव्हाही बोलले नाही. बोलले असते तर काय झालं असतं? माझंही काम बिघडतं, एवढंच कळलं असतं. तेवढंही मला सोसवलं नाही.

मावशी आता नाही. गावातल्या नव्या पोरांना ती त्या व्हिडिओतच माहीत आहे. म्हातारीचा आवाज गेला होता, म्हणतात.

तिचा आवाज कुठंच गेला नव्हता. तो मी घालवला.