पडद्यावरचा शेवट

आमच्या घरात सिनेमाचं नावसुद्धा हळू काढावं लागे. इतवारीच्या बाजारात खाली बाबांचं भांड्यांचं दुकान, वर आम्ही, आणि पोरींनी टॉकीजची पायरी चढायची नाही हा त्यांचा कायदा. शेजारच्या मामी मात्र एक सिनेमा सोडत नसत. टॉकीजबाहेर गाण्यांची चोपडी मिळायची, ती त्या माझ्या ताईला आणून देत. तिच्यात सगळी गाणी आणि थोडक्यात कथा असे. पण कथा ऐन रंगात आली की तिथंच छापलेलं असायचं, आगे परदे पर देखिए. त्या ओळीचा मला असा राग यायचा की काय सांगू.

ताईला नाही यायचा. ती तिथून पुढं स्वतःच सांगायची. एका चोपडीवर तिचा भारी जीव. परी तळ्यावर आंघोळीला उतरते, राजकुमार तिचे पंख लपवतो आणि तिला त्याच्या महालात राहावं लागतं. त्या परीची गाणी मामींच्या रेडिओवर ऐकून ताईनं पाठ केली होती. ती गायला लागली की खाली बाबासुद्धा गिऱ्हाइकाशी बोलता बोलता थांबत. गाणं कुठलं आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं, म्हणून बरं.

पंख कुठं सापडले ते ताई दर वेळी वेगळं सांगे. कधी गव्हाच्या कोठीत, कधी विहिरीच्या कपारीत, एकदा तर राजकुमाराच्या आईच्या पेटीत. पण सापडले की परी उडून जायची, मागं वळूनही पाहायची नाही.

"खरं काय होते वं?" मी विचारायची.

"मले कुठं ठाऊक? एकदा पाह्यलं पाहिजे."

मामी सांगायला लागल्या की ही कानांवर हात ठेवायची. तिला तो शेवट आपल्या डोळ्यांनी पाहायचा होता.

मग तिचं लग्न झालं, उमरेडला गेली. तिथला कायदा बाबांच्याहून कडक. दिवाळीला यायची तेव्हा कामाचं तेवढं बोलायची, गाणं नाहीच. मला घर खायला उठायचं.

सहा-सात वर्षांनी तोच जुना सिनेमा बाराच्या खेळाला पुन्हा लागला. मी तोवर कॉलेजात होते आणि बाबाही नरमले होते. ताईला आलेलं पत्र सासरी सगळे वाचणार, म्हणून मी लिहिलं, नणंदेच्या लग्नाची भांडी निवडायला ये. आली बिचारी, वर्षाची पोर कडेवर घेऊन. भांड्यांची पिशवी भरली आणि पिशवीसकट आम्ही टॉकीजमध्ये.

अंधारात ताई गात होती. पोरीला थोपटत, ओठांतल्या ओठांत, एकेक गाणं. मी पडद्याकडं कमी आणि तिच्याकडंच जास्त पाहत होते. मध्येच रीळ तुटलं, अर्धा तास गेला. सिनेमा पुन्हा सुरू झाला तेव्हा ताईचा जीव घड्याळात. साडेतीनची एसटी चुकली तर सासरी काही खरं नव्हतं. परी महालभर पंख शोधत होती, आणि ताई उठली.

"थांब ना वं, झालंच आता."

"नाही जमत. तू पाह्य."

आणि मी बसून राहिले. एका कडेवर पोर, दुसऱ्या हातात ती जड पिशवी, अशी ती एकटी गेली, आणि मी मेली बसून राहिले.

परीला पंख सापडले. तिनं ते आपल्या हातानं दिव्यावर धरून जाळले आणि राजकुमाराच्या पायाशी बसून गाणं म्हटलं. टॉकीजभर शिट्ट्या. माझ्या अंगाची आग आग झाली.

रिक्षा करून स्टँडवर गेले. बस सुटायच्या बेतात होती, ताई खिडकीशी.

"सापडले का वं पंख?"

"सापडले."

तिचा चेहरा असा खुलला की पुढचं सांगायला माझी जीभच उचलेना. तिनंही विचारलं नाही. बस हलली, आणि ती हसत हसत हात करत सासरी गेली. मी तिथंच उभी. मला माझी ताई वापस पाहिजे होती, बाकी काही नाही.