सुनंदा लोकसभेत बोलली तेव्हा

आमच्या शेजारच्या गंगूमावशींची सुनंदा या निवडणुकीत खासदार झाली. त्याआधी ती कित्येक वर्षं तालुक्याच्या दवाखान्यात नर्स होती. काल दुपारी ती लोकसभेत पहिल्यांदा बोलणार होती, म्हणून मावशी माझ्याकडे टीव्ही पाहायला आल्या. आम्हा दोघींना जेवणाची शुद्ध नव्हती.

शून्य प्रहर सुरू झाला आणि अध्यक्षांनी तिचं नाव पुकारलं. सुनंदा उठली. तिने हातातला कागद घडी घालून बाजूला ठेवला आणि सरळ मराठीत बोलू लागली.

"अध्यक्ष महोदय, आमच्या तालुक्यात रक्तपेढी नाही. बाळंतपणात रक्त लागलं, तर बाईला घाट उतरून न्यावं लागतं. मी त्या गाडीत बसलेली आहे. माझ्यासमोर दोघी वाटेतच दगावल्या."

हेच आम्ही ओट्यावर, बाजारात कितीदा बोललो होतो आणि बोलून गप्प बसलो होतो. आता मघापासून सभागृहात गलका करणारे खासदार ते ऐकत होते. आपलं दुःख आपल्याच भाषेत इतक्या लांब पोहोचतं, हे मला तोवर खरं वाटलं नव्हतं.

दोन मिनिटांत तिची वेळ संपली. मावशींनी डोळे पुसले.

"मग होईल का गं रक्तपेढी?"

"ते नाही सांगता येत, मावशी. पण आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं, असं आता कुणाला म्हणता येणार नाही."

मावशी पदर सावरून म्हणाल्या, "लाव तिला फोन. म्हणावं, उद्या परत उठ."